माय नेम इज जो (१९९८): दारू सुटली, पुढे काय?

रानजाई

(शेवटापर्यंतचं सगळं कथानक खाली आलं आहे. आधी सिनेमा पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबा.)

ब्रिटिश दिग्दर्शक केन लोचचा 'माय नेम इज जो' परवा पुन्हा पाहिला आणि दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. घरात कुणाशी बोलावं तर कुणी पाहिलेला नाही, म्हणून इथे धागा काढते.

दारूवरचे बहुतेक सिनेमे एकाच प्रश्नावर चालतात: हा पुन्हा पिणार की नाही? इथे मात्र सिनेमा सुरू होतो तेव्हा जो कॅव्हनाचं पिणं थांबलेलं आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (ए.ए., म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेच्या) मीटिंगमध्ये तो उभा राहून स्वतःबद्दल बोलतोय, आणि तिथूनच आपण त्याला ओळखायला लागतो. वय सदतीस, ग्लासगोत राहणारा, नोकरी नाही, सरकारी बेकार भत्त्यावर गुजराण. वस्तीतल्या पोरांची एक फुटबॉल टीम तो चालवतो. टीम सतत हरते, अंगात पश्चिम जर्मनीच्या जुन्या, विरलेल्या जर्सी. पण ही टीम म्हणजे त्याच्या आठवड्याचा कणा आहे. पोरांना घराघरांतून उठवून गाडीत कोंबायचं, मैदानावर न्यायचं, हरल्यावर परत आणायचं. दारू सोडलेल्या माणसासमोर रिकामी संध्याकाळ आ वासून उभी असते. ती कशाने भरायची याचं उत्तर जोला या पोरांमध्ये सापडलंय.

त्या टीममधला लियम हा त्याचा विशेष जीव. लियम तुरुंगात जाऊन आलेला, आता नशेपासून लांब राहू पाहणारा. त्याची बायको सबीन अजून हेरॉईनमध्ये अडकलेली, आणि घरात लहान मुलगा. त्या मुलाच्या तब्येतीकडे लक्ष द्यायला येते सारा. ती हेल्थ व्हिजिटर आहे, म्हणजे लहान मुलं असलेल्या घरी जाऊन तपासणी करणारी, सल्ला देणारी सरकारी परिचारिका. जो आणि सारा एकमेकांना भेटतात ते याच घरामुळे.

पुढची प्रेमकथा मला फार आवडते, कारण ती दोन पोक्त माणसांची आहे. दोघंही जपून बोलतात. जो आणि त्याचा मित्र शँक्स साराच्या घरी वॉलपेपर लावून देतात. साधं काम: पट्ट्या कापायच्या, खळ लावायची, भिंतीवर सरळ बसवायच्या. पण बाहेर गाडीत बसून भत्ता कार्यालयाचा माणूस फोटो काढतोय! भत्ता घेणारा माणूस काम करताना सापडला, म्हणजे फसवणूक. जो धावत जाऊन त्या गाडीवर रंग फासतो. आपण हसतो, पण लगेच लक्षात येतं की या माणसाला एखाद्या बाईच्या घरची भिंत सजवून देण्याइतकंही स्वातंत्र्य नाही.

सबीन आणि लियमच्या डोक्यावर मॅकगॉवन नावाच्या गुंडाचं देणं चढलेलं असतं. पैसे तरी दे, नाहीतर पाय मोडून घे, नाहीतर बायकोला धंद्याला लाव, हे पर्याय. जोकडे पैसा नाही. मग त्याच्याकडे देण्यासारखं काय आहे? तो स्वतः. देणं फिटावं म्हणून तो मॅकगॉवनचा माल, म्हणजे अमली पदार्थ, गाडीतून आणून द्यायचं कबूल करतो. दोन खेपा, मग सगळे मोकळे, असं ठरतं.

साराला हे कळतं तेव्हाचं त्यांचं भांडण हा माझ्या मते या सिनेमाचा गाभा आहे. जोचं म्हणणं थोडक्यात असं: तुझ्या जगात अडचण आली की पोलिसात जाता येतं, बँकेत जाता येतं, घर बदलता येतं, आमच्या जगात यातलं काहीच नाही. सारा रोज ज्या घरांत जाते, तिथे हाच माल पोचतो. ती हे कसं पचवणार?

मला दोघांचंही पटतं आणि त्यामुळेच त्रास होतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पूर्णपणे जोच्या बाजूने होते. आता वाटतं की व्यसनातून सुटणं ही नुसती मनाच्या निर्धाराची गोष्ट नाही. सुटलेल्या माणसाकडे थोडी शिल्लक लागते, पैशाची किंवा माणसांची, म्हणजे संकटात 'नाही' म्हणता येतं. जोकडे सोबर राहण्यापलीकडे काहीच शिल्लक नव्हती, आणि त्याने तीच पणाला लावली.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा. साराने काय करायला हवं होतं?

ओवी

रानजाई, छान लिहिलंयस. पण एक मोठी गोष्ट तू वगळलीस. जोने दारूच्या नशेत त्याच्या आधीच्या मैत्रिणीला मारलं होतं. तो साराला ते सांगतो आणि आपल्याला ते दृश्यही दिसतं.

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या समुपदेशनाचं काम करते, म्हणून तो प्रसंग माझ्यासाठी गाभ्याचा आहे. आमच्याकडे येणारा नवरा बहुतेक वेळा म्हणतो, "दारू बोलत होती, मी नव्हतो." आणि बायकोलाही तेच खरं मानायचं असतं, कारण मग दारू सुटली की संसार सावरेल अशी आशा धरता येते. माझा अनुभव असा की दारू सुटते, पण हात उचलायची सवय आपोआप सुटत नाही. त्यासाठी वेगळं काम करावं लागतं. लोच आणि लेखक पॉल लॅव्हर्टी यांनी जोला ते बोलायला लावलं, प्रेमात पडत असतानाच बोलायला लावलं, याचं मला मोल वाटतं. सारा पुढे जाते ती हे माहीत असताना.

पण ज्या बाईला त्याने मारलं ती पुढे कुठेच येत नाही. तिचं काय झालं? सिनेमा जोच्या पश्चात्तापाजवळ थांबतो. मला हे खुपतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सारा बरोबर आहे, शंभर टक्के. ज्याने एकदा घरातल्या बाईला विश्वासात न घेता निर्णय घेतला, त्याच्याबद्दल सावध राहायलाच हवं.

क्लाईडकाठी

मी बरीच वर्षं ग्लासगोत आहे. सिनेमातल्यासारख्या वस्त्या माझ्या रोजच्या वाटेवर आहेत, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो.

क्लाईड नदीकाठी एके काळी जगातली कितीतरी जहाजं बांधली जात. १९७१ मध्ये सरकारने अप्पर क्लाईड शिपबिल्डर्स या जहाजबांधणी कंपनीचा हात सोडला, तेव्हा कामगारांनी संप केला नाही. उलट गोद्या ताब्यात घेऊन काम चालूच ठेवलं. त्या वेळी जिमी रीड या कामगार नेत्याने सगळ्यांना बजावलं होतं की गुंडगिरी नको, तोडफोड नको आणि दारू पिणं नको, कारण जग आपल्याकडे बघतंय. १९७२ च्या फेब्रुवारीत सरकारला पैसे द्यावे लागले. मला जो कॅव्हनाचा विचार करताना नेहमी हे आठवतं. तेव्हा 'पिऊ नका' म्हणण्यामागे हजारो माणसांचं काम आणि एक संघटना उभी होती. जोला तेच एकट्याने स्वतःला सांगायचंय, आणि मागे ना गोदी आहे ना युनियन.

कारण पुढच्या वीस वर्षांत बहुतेक सगळं गेलं. ग्लासगोजवळच्या मदरवेलचा रेव्हन्सक्रेग पोलाद कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. जुन्या दाटीच्या चाळी पाडून १९५० च्या दशकापासून शहराच्या कडेला ईस्टरहाऊस, ड्रमचॅपल, कॅसलमिल्क अशा प्रचंड वसाहती उभारल्या होत्या. घरं मिळाली, संडास-बाथरूम घरात आले, पण दुकानं, करमणूक आणि रोजगार यांची वानवा राहिली. मग नोकऱ्या गेल्या आणि ऐंशीच्या दशकात हेरॉईन आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाच्या २००८ च्या अहवालात ग्लासगोच्या कॅल्टन भागातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५४ वर्षं दिलंय, आणि तिथून काही मैलांवरच्या लेन्झीत ८२. अठ्ठावीस वर्षांचा फरक, एकाच शहराच्या परिसरात.

भत्त्याबद्दल: ऑक्टोबर १९९६ पासून 'जॉबसीकर्स अलाउन्स' आला. त्यात दर पंधरवड्याला जाऊन सही करायची, काम शोधत असल्याचे पुरावे द्यायचे, थोडंही काम केलं तर कळवायचं. त्यामुळे शेजाऱ्याच्या मदतीला जातानाही माणूस आजूबाजूला बघून घ्यायचा. वॉलपेपरचा प्रसंग इथल्या लोकांना अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

तिस्ता

मी अर्ध्यात सोडला होता, उच्चार समजेचना. सबटायटल्ससहित कुठे मिळेल का?

क्लाईडकाठी

तिस्ता, अमेरिकेत तो प्रदर्शित झाला तेव्हा तिकडच्या इंग्रजी प्रेक्षकांसाठीसुद्धा सबटायटल्स दिली होती. डीव्हीडी घ्याल तर सबटायटल्स आहेत का ते आधी बघून घ्या. जोची भूमिका करणाऱ्या पीटर मुलनचं काम त्या बोलीशिवाय अपुरंच राहील, म्हणून आवाज मोठा ठेवून, वाचत वाचत पाहा. कान चित्रपट महोत्सवात मुलनला १९९८ चं उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक याच भूमिकेसाठी मिळालं.

परळकर

धागा वाचून राहवलं नाही. मी सिनेमा मुलाने दाखवला म्हणून पाहिला. इंग्रजी निम्मं कळलं, माणूस पूर्ण कळला.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. वडील आधीही घ्यायचे, पण पगाराच्या दिवशी. संपानंतर रोज घ्यायला लागले. आईने खानावळीचे डबे करून घर चालवलं. भांडी गहाण पडली, मग तिचं मंगळसूत्र.

वडिलांची सुटका झाली ती ए.ए.च्या मीटिंगमुळे. एका शाळेचा वर्ग संध्याकाळी मिळायचा. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसायची. मी वडिलांना सोडायला जायचो आणि बाहेर व्हरांड्यात थांबायचो. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांना तलफ यायची, म्हणून खिशात गुळाचे खडे असायचे, कागदात बांधलेले. तलफ आली की एक खडा गालात धरून ते झपाझप चालायला लागायचे. दादरपर्यंत जायचे आणि परत यायचे.

आता जोसारखीच गोष्ट. ग्रुपमधले एक जण वडिलांच्या मागून आले होते. वडीलच त्यांचे स्पॉन्सर, म्हणजे ए.ए.मध्ये नव्या माणसाला वाट दाखवणारे जुने सोबती. त्यांनी टेम्पोसाठी पतपेढीतून कर्ज काढलं आणि वडील त्यांना जामीन राहिले. आईला विचारलं नाही. त्या काकांची स्लिप झाली, म्हणजे ते पुन्हा प्यायला लागले, टेम्पो गेला, हप्ते आमच्या दारात आले. वसुलीची माणसं चाळीत सगळ्यांसमोर मोठ्याने नाव घेऊन ओरडायची. तेव्हा आई जे म्हणाली ते मला जसंच्या तसं आठवतं: "तुमचं न पिणं हेच आपलं घर होतं. तेच तुम्ही जामीन लिहून दिलंत."

वडिलांचं म्हणणं, "त्याला नाही म्हटलं असतं तर मी कुणाच्या जिवावर सुटलो ते विसरल्यासारखं झालं असतं."

रानजाईताई, तुम्ही विचारलंत साराने काय करायला हवं होतं. आमच्या घरात हा प्रश्न कधीच सुटला नाही. आई शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम, वडील आपल्या.

ओवी

परळकर काका, तुमच्या आईचं वाक्य मी आमच्या गटात सांगितलं तर चालेल का? नाव सांगणार नाही.

परळकर

जरूर सांगा.

विनय_म

सिनेमा चांगला आहे, मुलन अप्रतिम. पण शेवटाबद्दल कुणीच बोललं नाही. जो मॅकगॉवनला नकार देतो, मारामारी होते, मग जो पुन्हा पितो, बेशुद्ध पडतो, आणि त्याच वेळी लियम खिडकीतून स्वतःला फास लावून घेतो. हे मला लेखकाने जुळवून आणल्यासारखं वाटलं. पहिला तास माणसं आपापल्या गतीने जगतात, ती पोरं, तो बोलिंगचा प्रसंग, चोरीच्या कॅसेटींमधून हाती लागलेलं बेथोव्हेनचं व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐकणारा जो. शेवटच्या अर्ध्या तासात ती सगळी कथानकाच्या दावणीला बांधली जातात. मॅकगॉवनही नुसता खलनायक. गरिबीवरच्या सिनेमाने शेवटी कुणालातरी मारलंच पाहिजे का?

रानजाई

विनय, मॅकगॉवनबद्दल सहमत. त्याच्यामागेही एक वस्ती आहे, तोही त्याच रस्त्यांवरचा आहे, आणि सिनेमा तिकडे फारसा वळत नाही.

लियमबद्दल नाही पटलं. लियमचा मृत्यू जोच्या पिण्याची शिक्षा म्हणून आला असता तर मीही तुझ्यासारखंच म्हटलं असतं. पण त्याच्यापुढचे मार्ग आधीच एकेक करून बंद होत गेलेले आपण पाहिलेत. पैसा नाही, पोलीस नाहीत, पळून जावं तर बायको-पोराला कुठे ठेवणार? जो कॅव्हना हाच शेवटचा मार्ग होता. आणि जो शुद्धीत असता तर काय करू शकला असता? दार अडवून उभा राहिला असता, एक रात्र.

मला तर वाटतं की लोचची पद्धत इथे कामी आली. तो शक्यतो कथेच्या क्रमानेच चित्रीकरण करतो आणि नटांना पुढचं कथानक आधीच सगळं देत नाही. त्यामुळे पोरांच्या चेहऱ्यावर पुढे काय होणार याची चाहूल दिसत नाही, ती त्या त्या दिवसात असतात. शेवट तुला अचानक वाटतो, कारण त्यांनाही तो अचानक आहे.

आणि तो हायलँडमधला प्रसंग बघ ना! जो माल आणायला डोंगराळ भागात जातो. पर्यटकांसाठी बॅगपाइपवाला उभा आहे, मागे देखणे डोंगर. कॅलेंडरवरचं स्कॉटलंड. जो तिथे उभा राहून ते बघतो तेव्हा त्याच्याच देशात तो पाहुणा वाटतो, आणि गाडीत काय भरलंय ते आपल्याला माहीत असतं.

परळकर

विनयजी, स्लिपबद्दल थोडं. जामीनकीच्या त्या भानगडीत माझ्या वडिलांचीही स्लिप झाली. कधी झाली माहीत आहे? वसुलीवाले आले त्या दिवशी नाही. शेवटचा हप्ता भरला त्या आठवड्यात. सगळं संपलं, आता श्वास घेऊ, आणि तिथेच. मीटिंगला येणारे जुने लोक सांगतात की संकट चालू असताना माणूस ताठ असतो. त्यामुळे जो भांडणाच्या ऐन वेळी पितो यापेक्षा, सगळं हातून गेल्यावर पितो, हे मला अगदी खरं वाटलं. सारा गेलेली, मॅकगॉवनशी तुटलेलं, लियमला वाचवता येईल असं आता काही उरलेलं नाही.

वडील पुन्हा मीटिंगला गेले. स्वतःचं नाव सांगून परत पहिल्या दिवसापासून मोजायला लागले. ज्या काकांना ते जामीन राहिले होते, तेच त्यांना घ्यायला आले होते घरी. आईने त्यांना दारातच उभं केलं, पण चहा दिला.

क्लाईडकाठी

इथे आता काय स्थिती आहे असं मला व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारलं गेलं, म्हणून इथेच लिहितो. दारूची किमान किंमत ठरवणारा कायदा स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून लागू केला: एका युनिटला (म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलला) ५० पेन्स, सप्टेंबर २०२४ अखेरीपासून ६५. स्वस्तातली जहाल सायडर (सफरचंदाची दारू) त्यामुळे दुकानांतून बरीच हटली. अमली पदार्थांचं मात्र वाईट झालं. २०२० मध्ये १,३३९ माणसं दगावली. युरोपात इतकं प्रमाण कुठे नव्हतं. दगावणाऱ्यांत बरेच जण लियमच्या पिढीचे, म्हणजे नव्वदच्या दशकात तरुण असलेले. जानेवारी २०२५ मध्ये ग्लासगोत 'थिसल' नावाचं केंद्र सुरू झालंय, तिथे परिचारिकांच्या देखरेखीखाली स्वतःचा माल टोचून घेता येतो, म्हणजे माणूस निदान मरत नाही. त्यावरून शहरात खूप वाद आहेत. माझ्या ओळखीची एक निवृत्त हेल्थ व्हिजिटर म्हणते की हे पंचवीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं.

तिला मी हा सिनेमा दाखवला होता. ती पूर्णपणे साराच्या बाजूची. तिचं म्हणणं, अशा घरात काय चाललंय हे हेल्थ व्हिजिटरला दिसतं आणि मुलाला धोका असेल तर कळवणं हे तिचं कर्तव्यच आहे. साराने जोच्या खेपांबद्दल गप्प राहायचं म्हणजे तिने ज्या मुलांची वजनं घेतली त्यांच्याशी खोटं वागायचं. ती म्हणाली, प्रेमात माणूस खूप काही माफ करतो, पण हे माफ करायचा अधिकार एकट्या साराला नाही.

ओवी

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण सगळे जो-साराचं भांडण दोघांपुरतं बघतोय. त्या मालाने ज्यांची घरं बसली ते कुठे आहेत?

आणि शेवट. सारा गरोदर आहे. लियमच्या अंत्यविधीनंतर ती आणि जो सोबत चालत जातात, एवढंच दाखवलंय. पुष्कळ जण त्याला मीलन म्हणतात. मी तसं वाचत नाही. माझ्याकडे येणारी बाई नवऱ्यासोबत मयताला जाते, त्याच्यासोबत परतही येते, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर येऊन अर्जावर सही करते. दुःखात सोबत करणं वेगळं, संसार करणं वेगळं.

रानजाई

ओवी, मी त्याला मीलनच समजत होते, आणि अजूनही थोडं समजते. साराला पर्याय आहेत, हे जोनेच तिला भांडणात सुनावलं होतं. तरी ती येते. पण येणं आणि राहणं यातला तुझा फरक मान्य. राहायचं असेल तर तिच्या अटी काय असतील? माझ्या मते पहिली अट ही की पुढचा लियम दारात आला तर जोने आधी तिच्याशी बोलावं. परळकर काकांच्या आईलाही तेवढंच हवं होतं असं वाटतं. काका, बरोबर आहे का?

परळकर

बरोबर आहे. पैशाचं तिला एवढं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित तिनेच हो म्हटलं असतं, त्या काकांच्या मुलांचे डबे तीच करायची.

विनय_म

लियमच्या शेवटाबद्दल माझं मत तेच आहे. पण काकांनी स्लिपचं जे सांगितलं ते डोक्यात ठेवून शेवटचा अर्धा तास पुन्हा बघेन. तिस्ता, सबटायटल्सवाली प्रत मिळाली तर इथे कळवा, माझ्याकडची प्रत बिनासबटायटल्सची आहे.